पाठ टेकली तरी कुस्ती संपत नाही

डिसेंबर २०२१, सिंगापूर. एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स), म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं अशा लढती भरवणाऱ्या वन चॅम्पियनशिपच्या महिला स्पर्धेची अंतिम लढत. एकीकडे फोगाट घराण्यातली रितू, कुस्तीत वाढलेली. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, तिचं आयुष्य मुय थायमध्ये गेलेलं, म्हणजे लाथा, गुडघे आणि कोपरं. उभ्याने लढत झाली तर स्टॅम्प भारी, खाली गेली तर रितू, असा हिशेब कुणीही मांडला असता. प्रत्यक्षात दुसऱ्या फेरीत जमिनीवरच स्टॅम्पने रितूचा हात आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीत, धरला आणि लढत संपली.

‘एमएमएसाठी काय शिकू, बॉक्सिंग की कराटे?’ असं विचारणाऱ्या पोरांना ही लढत बघायला सांगावी. प्रत्येक खेळ आपल्या नियमांप्रमाणे शरीराला वळण लावतो. नियम बदलले की तेच वळण अंगाशी येतं.

आपल्या तालमीतलंच घ्या. वस्तादांनी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट अंगात भिनवलेली असते: पाठ मातीला लागता कामा नये. त्यामुळे खाली आलेला पैलवान विचार न करता पोटावर वळतो. कुस्तीत हे अगदी बरोबर, पण एमएमएत त्याने स्वतःची पाठ दुसऱ्याच्या हवाली केलेली असते. प्रतिस्पर्धी पाठीवर स्वार होतो, पाय कमरेभोवती अडकवतो आणि हात गळ्याभोवती घालतो. यात श्वास कोंडण्याची गरजच नसते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्या नीट दाबल्या की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपते. मग दंड कितीही घोटीव असोत.

ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या पकडींच्या खेळात याच्या नेमकं उलट. तिथे पाठीवर पडून, समोरच्याला दोन पायांमध्ये धरून लढणं हाच अभ्यासाचा विषय. आर्मबारही बऱ्याचदा तिथूनच लागतो.

त्यामागचं गणित साधं आहे. दंडाचा मुख्य स्नायू कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर हाताच्या हाडाला जोडलेला असतो. मनगट मात्र कोपरापासून सुमारे पंचवीस सेंटिमीटर दूर. मनगटाला १० किलोची ओढ लागली तर हात सरळ होऊ न देण्यासाठी स्नायूला ढोबळमानाने ५० ते ६० किलोचा जोर लावावा लागतो. आर्मबार लावणारा दोन्ही हातांनी मनगट छातीशी कवटाळतो, कोपराच्या वरच्या बाजूला कमरेचा टेकू देतो आणि कंबर उचलतो. म्हणजे एका दंडाविरुद्ध पाठ, मांड्या आणि कंबर. कोपर दाराच्या बिजागरीसारखं असतं, एका मर्यादेपलीकडे उघडत नाही.

हे तंत्र ब्राझीलमध्ये पोचलं ते ज्युदोमार्गे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतले जीवघेणे प्रकार खुल्या सरावातून काढून टाकले. ऐकायला उलटं वाटेल, पण फायदा मोठा झाला. धोका कमी झाल्यामुळे शिष्यांना रोज एकमेकांशी पूर्ण ताकदीनं झुंजता येऊ लागलं. डोळ्यात बोट घालण्याचा डाव कुणी रोज खरोखर करून बघू शकत नाही, फेक मात्र शंभरदा मारून बघता येते. कानोंच्या शाळेतला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला गेला, तिथे कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला, आणि १९९३ मध्ये अमेरिकेत डेनव्हरला यूएफसी या एमएमए स्पर्धेच्या पहिल्याच खेपेत कार्लोसचा पुतण्या रॉइस याने एका रात्रीत तीन जण लोळवले. अंगानं तो किरकोळच होता.

त्यामुळे क्लास निवडताना भिंतीवरची पाटी नंतर वाचा. आधी बघा, समोरचा खरोखर विरोध करतोय का? हवेत ठोसे मारून नुसता घाम निघतो.

उभ्याच्या लढतीत आणखी एक भानगड आहे. दिवा लागताच बटण दाबायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. पर्याय वाढले की वेळही वाढतो, हे हिक या मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये मांडलं (त्याच वर्षी खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत पदक घेतलं, हा निव्वळ योगायोग). सरावानं हा वेळ घटतो. म्हणून पाच प्रकार चाखण्यापेक्षा मुय थाय किंवा बॉक्सिंग यातलं एकच काही घोटलेलं बरं. उलट, समोरच्याला लाथ, ठोसा आणि पट (पाय धरून पाडण्याचा डाव) तिन्हींची धास्ती ठेवावी लागली तर त्याचा वेळ वाढतो.

पण पट काढायलाही डोकं खाली न्यावं लागतं. कुस्तीत तिथे गुडघा बसत नाही, इथे बसतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळलेला अमेरिकी पैलवान बेन ॲस्क्रेन जुलै २०१९ मध्ये जॉर्ज मासविडालचे पाय धरायला वाकला, तर उडता गुडघा थेट डोक्यावर आला. पाच सेकंदांत खेळ खलास.

माझं मत विचाराल तर आधी कुस्ती आणि जिउ-जित्सू, मग ठोसे-लाथा. कारण मेंदूचं आहे. कुस्ती आठवड्यातून चार-पाच दिवस जोरात करता येते, डोक्यावरचे ठोसे तसे रोज झेलता येत नाहीत. शिवाय लढत उभ्यानं चालवायची की खाली न्यायची, हे बहुधा कुस्ती येणाराच ठरवतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत वाढलेल्या पोराकडे ही शिदोरी आयतीच असते. मात्र जिउ-जित्सूच्या मॅटवर आल्या आल्या त्याला पाठीवर झोपायला सांगतात. ऐंशी किलोचा गडी मान डोलावतो, पाठीवर पडतो, आणि कुणी अंगावर आलं की पुन्हा पोटावर वळतो.