षड्ज घरचा, तार परदेशची

मिरजेचा तंबोरा मुळात हत्यारांच्या कामातून आला. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांची घरं इथे होती. इंग्रजी अंमल पक्का झाला आणि तलवारीला गिऱ्हाईक उरेना, तेव्हा 1850च्या सुमारास फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांचं काम हाती घेतलं. पुढे या घराण्याचं आडनावच सितारमेकर झालं. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या माथ्याला झंकारासाठी दिलेला बाक, इथलाच कारागीर लावतो. पोलादी तारेचं मात्र तसं नाही. चांगल्या तारेला आजही ‘जर्मन’ म्हणतात. बव्हेरियातल्या रोस्लाऊची पियानोची तार त्यातलीच. पेटीचे रीडही, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या पितळी पट्ट्या, पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनी-फ्रान्सकडून येत. 1914 साली ब्रिटिश हिंदुस्थानचा जर्मनीशी व्यापार बंद झाला. घरातली पेटी दुरुस्त करून जपणं भागच होतं, आणि ती कामं आजही तशीच करावी लागतात. सूर अडकला तर बहुतेक वेळा रीडच्या जिभेखाली धुळीचा कण असतो. पातळ कागद अलगद सरकवून तो काढायचा, जीभ बोटाने दाबायची नाही, नाहीतर ती वाकते. सूर उतरला असेल तर जिभेच्या टोकाशी किंचित घासायचं, चढला असेल तर मुळाशी. एकदा जास्त घासलं की गेलेलं पितळ परत येत नाही, म्हणून दोन-तीन घासांनंतर लगेच वाजवून बघावं.

त्याच युद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे 46 जवान पडले. आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी कुत पडलं. गावात बातमी पत्राने यायची. तोवर पहाटे जातं फिरत राहायचं आणि बायका ओव्या गात राहायच्या. घरातलं संगीत म्हटलं की आधी हेच आठवावं. त्याला ना तार लागली ना रीड.

दुसऱ्या महायुद्धात बातमी रेडिओवर आली. 1942 साली बीबीसीची मराठी सेवा सुरू झाली. मराठा पलटणी तेव्हा आफ्रिकेत, पुढे इटलीत लढत होत्या. पण ऑल इंडिया रेडिओने 1940 पासून पेटीला मज्जाव केला होता. तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि ठरावीक स्वरांपलीकडच्या श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वर, मिळत नाहीत, हा आक्षेप होता. ती बंदी 1971 पर्यंत टिकली. म्हणजे इतकी वर्षं घरच्या पेटीचा सूर हिंदुस्थानच्या रेडिओवर ऐकायला मिळत नव्हता. आक्षेप संगीताच्या दृष्टीने खोटा नव्हता, तरी घरोघरी शिकणाऱ्यांचा आधार पेटीच होती.

तंबोरा लावायचा तर घाई चालत नाही. आधी मधल्या, जोडाच्या दोन तारा षड्जात (सा), मग खर्ज एक सप्तक खाली, शेवटी पंचम (प). बायकांचा तंबोरा साधारण पेटीच्या काळी चार-पाचला (काळ्या पट्टीच्या क्रमांकाने सुराची उंची सांगतात), पुरुषांचा काळी एक-दोनला. पुरुषी तंबोरा ओढून काळी चारला नेला तर तार तुटते, नाहीतर ताणाने भोपळ्यावरची लाकडी तबली दबते. बायकी तंबोऱ्याच्या पहिल्या तीन तारा सुमारे 0.30 मिलिमीटरच्या पोलादी, खर्जाची जाड पितळी. खुंटीने जवळ आणायचं, बारीक फरक तारेत ओवलेला मणी सरकवून काढायचा. मग घोडीवर तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवत जायचं, गुंजन उमलेपर्यंत. तार घोडीच्या किंचित उताराला पुन्हा पुन्हा घासते, म्हणून तो झंकार. त्याच घासण्याने घोडीवर खाचा पडतात. दोरा कुठेही ठेवला तरी तार बोदीच, झंकाराविना बोलू लागली, तर जवारी नव्याने काढून घ्यावी. नवी तार पहिले दोन दिवस उतरत राहते; तो तारेचा दोष नव्हे.

आता तंबोऱ्याचं ॲप आणि युक्रेन-गाझाच्या बातम्या एकाच फोनवर असतात. सूचना आली की बऱ्याच फोनमध्ये चालू आवाज क्षणभर दबतो. नेमका आधारस्वर खचतो आणि गाणाऱ्याचा षड्ज सरकतो, तो पुढच्या दोन-तीन आवर्तनांपर्यंत जागेवर येत नाही. रियाजाआधी फोन विमान मोडवर टाकावा. ॲप आधी उतरवून घेतलेलं असेल तर बहुधा इंटरनेटशिवाय चालतं. बातम्या तंबोरा लावायच्या आधी बघाव्यात किंवा तो गवसणीत गेल्यावर.