दोरी, चार खुंट्या आणि राज्याचा कृषी विकासदर

७ मार्च २०२५ रोजी विधिमंडळात मांडलेल्या महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत २०२४-२५ साठी राज्याचा विकासदर ७.३ टक्के अपेक्षित धरला होता. त्यात सेवा क्षेत्र ७.८ टक्के, उद्योग ४.९ टक्के आणि कृषी व संलग्न कार्ये तब्बल ८.७ टक्के. आकडे आले की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक, "मंत्रालयात बसून काहीही लिहितात." दुसरी, "आता सगळं उपग्रहावरून कळतं." दोन्ही चुकीच्या आहेत. नियोजन विभागाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय ही पाहणी दरवर्षी तयार करते, पण तिच्यातल्या पिकांच्या आकड्याचा उगम शेतात आहे. तिथे तो आकडा दोरी, चार खुंट्या आणि वजनकाट्याने जन्माला येतो. त्या कामाला पीक कापणी प्रयोग म्हणतात.

हिशेबाचा सांगाडा सोपा आहे. पिकाखालचे क्षेत्र गुणिले हेक्टरी उत्पादकता म्हणजे एकूण उत्पादन. त्याला किमतीने गुणायचे आणि बियाणे, खते, औषधे, डिझेल, वीज यांचा खर्च वजा करायचा. उरते ते मूल्यवर्धन. या पाहणीतला वाढीचा दर २०११-१२ च्या किमती स्थिर धरून काढलेला आहे, म्हणजे नुसता भाव वाढला म्हणून विकासदर वाढत नाही. क्षेत्र कळते पीक पाहणीवरून, म्हणजे कोणत्या शेतात काय पेरले याच्या नोंदीवरून; १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतः मोबाइलवर फोटोसह ही नोंद करू शकतात. खरी अडचण उत्पादकतेची. राज्यातले सगळे सोयाबीन कोणी तोलून बघू शकत नाही.

पूर्वी हा प्रश्न आणेवारीने सोडवत. सामान्य पिकाशी तुलना करून यंदाचे पीक किती आणे, हे नजरेने ठरवायचे. शेतसाऱ्याची सूट किंवा तहकुबी त्याच आकड्यावर अवलंबून असल्यामुळे आकडा कमी लावण्याकडे कल राहणे स्वाभाविक होते. १९४० च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे आणि त्यांच्यासोबत वि. गो. पानसे यांनी नजरेऐवजी नमुना कापून तोलण्याची शास्त्रीय पद्धत उभी केली. आज देशभर चालते ती हीच.

ती अशी. गाव यादृच्छिक निवडतात, मग गावातला गट, मग शेत. निवड चिठ्ठीसारखी, कोणाच्या आवडीला वाव नाही. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात होते. या दिशेत शुभ-अशुभ काही नाही, सगळीकडे आरंभबिंदू एकच असावा एवढाच हेतू. समजा शेत ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद आहे. बहुतेक पिकांसाठी कापायचा तुकडा, म्हणजे प्लॉट, १० बाय ५ मीटरचा असतो, म्हणून लांबीसाठी ७४ पर्यंतचा आणि रुंदीसाठी ४२ पर्यंतचा यादृच्छिक आकडा घ्यायचा. ३१ आणि १७ आले, तर लांबीच्या बाजूने ३१ मीटर जायचे, तिथून काटकोनात १७ मीटर आत शिरायचे आणि पहिली खुंटी ठोकायची. तिथे पीक विरळ असले, पाणी साचून पिवळे पडले असले, तरी जागा हलवायची नाही. "इथे काय मोजता, तिकडे चांगलं आहे" हा आग्रह एकदा मानला की त्या प्लॉटची किंमत शून्य होते. नुकसानभरपाईसाठी मुद्दाम खराब तुकडा दाखवला तरी तेच.

चार खुंट्या ठोकून दोरी ताणली की कर्ण मोजायचा. तो ११.१८ मीटर भरला पाहिजे, आणि दोन्ही कर्ण सारखे. हे टाळले तर चौकट तिरकी होते: बाजू १० आणि ५ मीटरच राहतात, पण एक कोन ७५ अंशांचा झाला तर क्षेत्रफळ ५० ऐवजी ४८.३ चौरस मीटर उरते. साडेतीन टक्के पीक तिथेच नाहीसे.

मग येतो या साऱ्या पद्धतीचा गाभा: काठावरची झाडे. दोरी एखाद्या ताटावरून गेली तर ते आत की बाहेर? नियम असा की मूळ आत असेल तर झाड आत, शेंडा कुठेही लोळत असो. पण माणसाचा हात काठावरचे झाड आत ओढतो. प्रत्येक बाजूला अवघे ५ सेंटिमीटर जास्त कापले गेले असे धरू. १० बाय ५ चा प्लॉट १०.१ बाय ५.१ होतो, क्षेत्रफळ ५१.५१, म्हणजे ३ टक्के जास्त. आता ६० सेंटिमीटर त्रिज्येचे छोटे वर्तुळ घ्या. ५ सेंटिमीटरच्या त्याच चुकीने त्रिज्या ६५ होते आणि क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी फुगते. तुकडा जितका लहान, तितका क्षेत्राच्या मानाने काठ मोठा.

यावर चांगलाच वाद झाला होता. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये लहान वर्तुळाकार तुकडे कापत होते, कारण ते भराभर होतात. लहान तुकड्यांनी उत्पादकता फुगते, हे सुखात्म्यांनी १९४६ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडले. मुद्दा साध्या चुकीचा नव्हता. यादृच्छिक चूक कधी वर जाते, कधी खाली, आणि प्लॉट वाढवले की सरासरीत विरते. काठाची चूक एकाच दिशेला झुकते. हजार तुकडे कापा, ती तेवढीच राहते, उलट आकडा नेमका असल्याचा भास वाढतो. मग प्लॉट आणखी मोठा का करत नाहीत? कारण एका शेतातल्या फरकापेक्षा शेताशेतातला फरक मोठा असतो. तेवढ्याच मेहनतीत जास्त शेते कापणे फायद्याचे.

कापणीनंतर ताडपत्रीवर मळणी आणि वजन. ५० चौरस मीटरवरून हेक्टरवर जाताना २०० ने गुणतात, त्यामुळे काट्यावरची १०० ग्रॅमची चूक हेक्टरी २० किलो होते. ओलावाही दगा देतो. पावसात सापडलेल्या सोयाबीनचे ९.६ किलो दाणे भरले तर हिशेब हेक्टरी १९.२ क्विंटल. पण ओलावा १८ टक्के असेल आणि साठवणीचा ११ टक्के धरायचा असेल, तर वजनाला ०.८२ भागिले ०.८९ ने गुणावे लागते. उरतात ८.८५ किलो, म्हणजे हेक्टरी १७.७ क्विंटल. यासाठी काही प्लॉटमधले दाणे वाळवून घट मोजतात. कापसाचे काम वेगळे: वेचण्या अनेक, म्हणून त्याच प्लॉटचे वजन प्रत्येक वेचणीला करायचे. एक वेचणी नोंदीतून सुटली की उत्पादकता कायमची घटते.

आता आकड्यांवर भरवसा किती? समजा प्लॉटाप्लॉटातला फरक, म्हणजे प्रमाण विचलन, सरासरीच्या ४० टक्के आहे. सरासरीची चूक नमुन्यांच्या वर्गमुळाने घटते: ४०० प्लॉट असतील तर २ टक्के, १० असतील तर जवळपास १३ टक्के. एकाच गावातली दोन शेते एकमेकांसारखी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात चूक याहून थोडी जास्तच. म्हणून राज्याचा आकडा बराच स्थिर असतो. पीक विम्यासाठी मात्र हेच प्रयोग महसूल मंडळाच्या पातळीवर, मोजक्या प्लॉटवर होतात आणि तिथे आकडा डळमळतो. विम्याच्या भांडणांचे एक मोठे कारण हे गणित आहे, पण ते शेतकऱ्यांना कोणी समजावून सांगत नाही.

उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा इथे तपासून घ्यावा. उपग्रहाला पानांचा हिरवेपणा दिसतो, शेंगेतला दाणा दिसत नाही. हिरवेपणावरून क्विंटल काढणारे सूत्र जुळवायला कापलेले प्लॉटच लागतात, आणि ते चुकीचे असतील तर उपग्रहही तीच चूक शिकतो. अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीची बातमी येते, "पीक साधारण" असे भाकीत होते. त्याला ना एकक, ना क्षेत्र, ना चुकीची मर्यादा. ते खोटे ठरूच शकत नाही, म्हणून त्यातून काही कळतही नाही. १९.२ क्विंटल चुकू शकतो, आणि चूक कुठे झाली हे शोधताही येते.

८.७ टक्के वाचताना दोन गोष्टी हाताशी ठेवाव्यात. २०२३ च्या खरिपात राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. उत्पादन १०० वरून ९० वर आले तर परत १०० वर यायलाच ११ टक्के वाढ लागते. आपटीनंतरच्या मोठ्या टक्केवारीत बरीच भरपाई असू शकते. दुसरे म्हणजे पाहणी मार्चमध्ये येते, तेव्हा बराचसा रब्बीचा गहू अजून शेतात उभा असतो. त्याचे प्लॉट कापलेलेच नसतात, म्हणून तो अंदाज धरावा लागतो आणि दर नंतर सुधारला जातो. त्यामुळे पुढच्या वर्षीची पाहणी हाती आली की नव्या दरासोबत आदल्या वर्षाचा सुधारित दरही शोधून पाहावा. कापलेल्या प्लॉटांचा खरा हिशेब त्यात उतरत जातो.