फायनान्शियल एड अपील (अमेरिका)

अमेरिकेत कॉलेजने ठरवलेली सरकारी मदतीची पात्रता किंवा रक्कम विद्यार्थ्याला पटली नाही, किंवा मदतीचा फॉर्म भरल्यावर घरची परिस्थितीच पालटली, तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसकडे कागदपत्रं लावून फेरविचार मागायचा, त्याला फायनान्शियल एड अपील म्हणतात. ज्या ऑफिसने नाही म्हटलं त्याच ऑफिसकडे परत जायचं असतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. उत्पन्न किंवा पालकांवर अवलंबून असण्याबद्दलचा असा निर्णय फेडरल शिक्षण खातं फिरवत नाही, कॉलेज म्हणेल ते शेवटचं. उत्पन्नाचं, पालकांवर अवलंबून असण्याचं आणि मार्कांचं असे तीन प्रकार आहेत, तिघांचे नियम वेगळे, बोलताना मात्र सगळ्यालाच अपील म्हणून मोकळे होतात.

याची सुरुवात कुठून धरायची यावर दोन मतं होऊ शकतात. एक म्हणजे १९५८ च्या नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्टची विद्यार्थी कर्जं, १९६४ चा वर्क-स्टडी (शिकता शिकता काम करून पैसे मिळवायची योजना) आणि अध्यक्ष लिंडन जॉन्सनने ८ नोव्हेंबर १९६५ ला टेक्सासच्या सॅन मार्कोसमधल्या आपल्या जुन्या कॉलेजात जाऊन सही केलेला हायर एज्युकेशन अ‍ॅक्ट, या योजनांत पैसे कॉलेजकडे यायचे आणि कोणाला किती द्यायचे ते बऱ्याच अंशी तिथला अधिकारी बघायचा, म्हणजे सवलत देण्याची मुभा तेव्हापासूनचीच. दुसरं मत असं की मुभा सगळीकडेच असते, पण गरज मोजायचं ठरलेलं सूत्रच नसेल तर सूत्राला अपवाद तरी कसला? १९७२ मध्ये बेसिक ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, आली (१९८० पासून हीच पेल ग्रँट) आणि तिच्यासाठी देशभर एकच हिशोब लागू झाला, मग १९८६ च्या दुरुस्तीने गरज मोजायची पद्धत थेट कायद्यातच लिहिली आणि तिच्याबरोबर कलम ४७९-ए घातलं, ज्यात एड अधिकाऱ्याला एकेका प्रकरणापुरता, पुरावा बघून आकडे बदलायचा अधिकार मिळाला. हे दुसरं मत जास्त पटतं, कारण आजही अधिकारी बोट ठेवतात ते याच कलमावर. १९९२ मध्ये पेल आणि बाकीच्या योजनांचे वेगवेगळे हिशोब एक झाले, सरकारी मदत मागायचा फाफ्सा हा फुकटचा एकच फॉर्म आला, ४७९-ए पण नव्याने लिहिलं गेलं. या अधिकाराला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. त्याची मर्यादा बारीक आहे पण महत्त्वाची: अधिकारी सूत्रात जाणारे आकडे बदलू शकतो किंवा कॉलेजचा धरलेला खर्च वाढवू शकतो, सूत्राला हात लावू शकत नाही, आणि उत्तर मनासारखं आलं नाही म्हणून शेवटचा आकडा तर नाहीच नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या फाफ्सा सिम्प्लिफिकेशन अ‍ॅक्टने यात बरीच उलथापालथ केली. घराला शिक्षणासाठी किती झेपेल याचा सूत्रातून निघणारा आकडा, म्हणजे अपेक्षित कौटुंबिक वाटा, जाऊन त्याच्या जागी २०२४-२५ पासून स्टुडंट एड इंडेक्स आला, जो उणे १५०० पर्यंत खाली जातो. प्रोफेशनल जजमेंटचे कायद्यातच दोन कप्पे झाले, पैशाच्या अडचणी एकीकडे आणि पालकांशी संबंध तुटलेली मुलं दुसरीकडे. शिवाय कॉलेजला आता 'आमच्याकडे सगळे अर्ज नाकारले जातात' असं धोरण ठेवता येत नाही, आणि अशी सोय आहे हे जाहीरपणे सांगावं लागतं, आधी कित्येक मुलांना हे ठाऊकच नसायचं.

उत्पन्नाच्या अपीलचं मूळ बहुतेकदा जुन्या आकड्यांत असतं. २०१७-१८ पासून फाफ्सा दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतो, म्हणजे २०२५-२६ साठी २०२३ चं. आता २०२५ च्या मार्चमध्ये वडिलांची नोकरी गेली तर फॉर्मवर मात्र २०२३ चा पूर्ण पगारच दिसणार, सूत्र म्हणणार हे घर पैसेवालं आहे. अशा वेळी नोकरी सुटल्याचं पत्र, शेवटची पे स्टब (पगाराची पावती), बेकारी भत्त्याचं पत्र असं सगळं जोडून चालू वर्षाचं अंदाजे उत्पन्न धरा म्हणून सांगायचं. विम्याने न दिलेला दवाखान्याचा मोठा खर्च, धाकट्या भावंडांच्या शाळेची फी, घर जाणं ही कारणंही चालतात. क्रेडिट कार्डाची बिलं, सहली, चर्चला दिलेला दशांश हे खात्याच्या हँडबुकनुसार सबळ कारण धरत नाहीत. आणि फॉर्म व्हेरिफिकेशनला (भरलेल्या माहितीच्या तपासणीला) निवडला गेला असेल तर ते संपेपर्यंत अपील पुढे सरकत नाही, इथेच आठवडे जातात.

पालकांवर अवलंबून असण्याचा प्रश्न जास्त नाजूक. २४ वर्षांखालचा, लग्न न झालेला, मूल नसलेला, सैन्यात न गेलेला पदवीचा विद्यार्थी साधारणपणे अवलंबूनच धरतात, म्हणजे पालकांचं उत्पन्नही हिशोबात येतं (अनाथ, फॉस्टर केअरमध्ये (सरकारने सोपवलेल्या दुसऱ्या घरी) राहिलेली, बेघर वगैरे मुलं सोडून). आईवडील पैसे द्यायला किंवा फॉर्म भरायला तयार नाहीत, किंवा मुलगी स्वतः कमावून वेगळी राहते, एवढ्यावर हा शिक्का निघत नाही, आणि यावर मुलं सगळ्यात जास्त चिडतात, माझ्या मते चिडणं रास्तच आहे. पालकांनी टाकून देणं, पालक तुरुंगात असणं, मानवी तस्करी, निर्वासित असणं अशी कारणं लागतात. समुपदेशक, समाजसेवक किंवा वकिलाचं लेखी निवेदन चालतं, अधिकाऱ्याने स्वतः मुलाखत घेऊन नोंद केली तरी चालतं. मुलाने प्रवेश घेतल्यापासून ६० दिवसांच्या आत निर्णय द्यायचा असतो, आणि एकदा मान्य झालं की त्याच कॉलेजात पुढच्या वर्षी परिस्थिती बदलली नसेल तर सगळा पुरावा परत मागत नाहीत.

तिसरा प्रकार सॅपचा, म्हणजे अभ्यासातली समाधानकारक प्रगती. यात मार्कांची सरासरी, वेग आणि मुदत बघतात. १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे कोर्स मोजायचं एकक) पदवी असेल तर १८० क्रेडिट घेईपर्यंतच मदत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी घेतलेल्यातले ६७ टक्के पास व्हावे लागतात. ६० घेतले आणि ३६ च पास झाले की ६० टक्के, मदत बंद. मध्येच सोडलेला कोर्सही घेतलेल्यात मोजतात, हे पुष्कळांना उशिरा कळतं. अपीलमध्ये नातेवाइकाचा मृत्यू, स्वतःचं आजारपण असं कारण आणि आता काय बदललंय हे दोन्ही लिहावं लागतं, बरीच पत्रं दुसऱ्या भागात लंगडी पडतात. मान्य झालं तर प्रोबेशन, म्हणजे अटीवर मदत चालू, कधी ठरवून दिलेला अभ्यासाचा प्लॅन. मात्र सॅपसाठी अपीलची सोय ठेवलीच पाहिजे असं कॉलेजवर बंधन नाही.

कॉलेजच्या स्वतःच्या पैशांची गोष्ट वेगळी, तिथे फेडरल नियम लागत नाहीत आणि दुसऱ्या कॉलेजची ऑफर दाखवून घासाघीस चालते. ती पूर्वी काही ठिकाणी शक्यच नव्हती, कारण आयव्ही लीग या नामांकित गटातली ८ विद्यापीठं आणि एमआयटी हे तंत्रज्ञान विद्यापीठ एकत्र बसून समाईक विद्यार्थ्यांच्या घरचा वाटा जुळवून घ्यायची. १९९१ मध्ये न्याय खात्याने खटला भरला, आयव्हीवाल्यांनी हे थांबवायचं लगेच मान्य केलं, एमआयटी लढली आणि १९९३ मध्ये तडजोड झाली.

नागरिकत्वाच्या अटीवर मात्र कुठलंच अपील चालत नाही. ग्रीन कार्डवाले, निर्वासित, आश्रय मिळालेले यांना फेडरल मदत मिळू शकते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना मिळत नाही, त्यांना कॉलेजच्या किंवा खासगी स्कॉलरशिपकडेच बघावं लागतं.