भिंतीला पोट कसं सुटतं?

उत्तर जर्मनीतल्या ल्यूनेबुर्ग शहरात टाउन हॉलजवळच्या गल्लीत एक जुनं विटांचं घर आहे. त्याची भिंत मधोमध फुगून रस्त्याकडे आली आहे, म्हणून लोक त्याला ‘गरोदर घर’ म्हणतात. प्रवासाच्या रील्समध्ये कारण ठोकून दिलेलं असतं: खालचं मीठ उपसलं, जमीन खचली, भिंत फुगली.

मीठ खरं आहे. इथल्या मीठ-उद्योगाची पहिली नोंद ९५६ सालची, तो बंद पडला १९८० मध्ये. त्यावरच हान्सा या मध्ययुगीन व्यापारी संघातले इथले व्यापारी गब्बर झाले. जमीन खचणंही खरं. त्यापायी सेंट लाम्बर्टी चर्च १८६०-६१ मध्ये पाडावं लागलं. पण जमीन खचली की भिंत कलते, तडकते. पोट सुटण्याचं कारण विटांच्या सांध्यांत आहे.

इथले गवंडी विटा सांधायला जिप्समचा मसाला वापरत. गावच्या काल्कबेर्ग टेकडीत जिप्सम मुबलक. कॅल्शियम सल्फेटच्या जोडीला पाण्याचे दोन रेणू, म्हणजे जिप्सम. साधारण १५० अंश सेल्सियसला भाजलं की त्यातलं बहुतेक पाणी उडतं आणि उरतं प्लास्टर ऑफ पॅरिस, गणेशमूर्तींचं पीओपी. पाणी घातलं की ते मिनिटांत घट्ट होतं. पण लाकडाच्या भट्टीत आच सगळीकडे सारखी कुठली? काही खडे अति भाजले, पाणी पार गेलं, स्फटिकाची वीण गच्च बसली. हा अतिभाजका ॲनहायड्राइट पाण्याला पटकन दाद देत नाही. मसाल्यात तो तसाच राहिला, आणि भिंतीत बसल्यावर सावकाश ओल पीत गेला.

आता हिशेब. १३६ ग्रॅम ॲनहायड्राइट ३६ ग्रॅम पाणी घेऊन १७२ ग्रॅम जिप्सम होतो. घनफळ ४६ घन सेंटिमीटरवरून ७४ वर, म्हणजे सुमारे ६० टक्के वाढ. पाण्याचं घनफळ धरलं तर एकूण ८२ चे ७४ होतात, म्हणजे आकुंचनच! पण पाणी बाहेरून येतं, सांध्याला फक्त वाढ जाणवते. टोकांना जखडलेली भिंत मग मोकळ्या बाजूला वाकते.

‘जुन्या बांधकामात चूक नसायचीच’ असे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी ही भिंत जरूर पाहावी.

हीच रासायनिक क्रिया दक्षिण जर्मनीतल्या श्टाउफेनमध्ये जमिनीखाली घडली. २००७ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेसाठी १४० मीटर खोल सात विंधनं घेतली, पाणी ॲनहायड्राइटच्या थरात शिरलं, जमीन वर उचलली जाऊ लागली आणि जुन्या गावातल्या दोनशेहून अधिक घरांना तडे गेले.