लाकडी नगरपालिका इमारत (जुन्या गावठाणातील)

भोवतालच्या वाड्यांशी मेळ राखून लाकडी सांगाड्यावर उभारायचे नगरपालिका कार्यालय. येथे विचार साताऱ्याच्या पेठांपुरता केला आहे.

छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक १७०८ मध्ये साताऱ्यास झाला आणि पुढे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वारांच्या नावांच्या पेठा वसल्या. वाडा सार्वजनिक वर्दळ सोसतो, याचा दाखला गावातच आहे : जुन्या राजवाड्यात प्रतापसिंह हायस्कूल पिढ्यान्‌पिढ्या भरले. भीमराव आंबेडकरांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शाळेच्या पटावर चढले.

आराखड्याचे मूळ माप खण, म्हणजे दोन खांबांमधले अंतर. ते बहुधा पाच-सहा फुटांचे. घराचा आकारही खणांतच सांगत. दर्शनी बाजूला हे माप पाळले की नवी इमारत आळीत सामावते. काँक्रीटवर कोरीव महिरपी चिकटवून ते साधत नाही. अडचण सभागृहाची, कारण तिथे मधे खांब चालत नाहीत. त्यामुळे सभागृह वरच्या मजल्यावर घेणे सोयीचे : डोक्यावर फक्त छपराचा भार राहतो, तो कैचीवर (लाकडांच्या त्रिकोणी जोडणीवर) किंवा फळ्या एकमेकींना चिकटवून केलेल्या लांब तुळईवर पेलता येतो आणि खालच्या मजल्यावर खांब दाट ठेवता येतात. दप्तरखाना मात्र जोत्यावरच, म्हणजे तळमजल्यावर हवा. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन (सुमारे २०० किलो वजनाचा) भार धरतात, तर कागदपत्रांच्या खोलीला ५. जुन्या कडीपाटावर, म्हणजे तुळया आणि फळ्यांच्या जमिनीवर, फायलींची कपाटे रचणे म्हणूनच धोक्याचे.

आगीची भीती रास्त असली, तरी जाड लाकूड एकदम पेटून कोसळत नाही. सागासारखे कठीण लाकूड मिनिटाला सुमारे अर्धा मिलिमीटर जळत आत जाते आणि कोळशाचा थर आतला गाभा काही काळ राखतो. आगीत तासभर टिकाव धरण्यासाठी प्रत्येक उघड्या बाजूला सुमारे ३० मिलिमीटर जादा जाडी धरावी लागते. खरा कच्चा दुवा लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट : ते तापून भोवतालचे लाकूड जाळतात, म्हणून ते लाकडाच्या पोटात दडवतात. जुन्या सुतारांच्या कुसवाच्या सांध्यात, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवण्यात, हा प्रश्नच नव्हता.

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने दगडमातीच्या भिंतींचा कमकुवतपणा दाखवला. अशा भिंती बाहेर कलंडतात. छपराचा भार घट्ट सांध्यांच्या सांगाड्यावर असला आणि भिंत त्याला नीट बांधलेली असली, तर छप्पर डोक्यावर येण्याचा धोका घटतो.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या कामांतली १९९३ पासूनची लाकूडबंदी २०२० मध्ये उठवली. संरचनात्मक लाकडासाठी आयएस ८८३ हे भारतीय मानक आहे.

ओल आणि वाळवी यांवरचा इलाज जुनाच : खांब जमिनीत न गाडता तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभा करणे आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतके छप्पर पुढे काढणे. शाकारणी, म्हणजे छपराची कौले नीट करणे, दर पावसाळ्याआधी लागते; तिचा खर्च पालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासूनच धरावा लागतो.