शंभर अंशांची रेघ : आयनी द्रवांच्या नावामागची पार्श्वभूमी

आयनी द्रव, प्लास्टिसायझर आणि द्रव स्फटिक यांची गणना हल्ली ‘मृदू पदार्थ’ या एकाच गटात होते, पण ही नावे एकाच कसोटीवर पडलेली नाहीत. पहिले नाव पदार्थ कशाचा बनला आहे ते सांगते (आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा), दुसरे तो कोणते काम करतो ते (प्लास्टिक लवचिक ठेवण्याचे) आणि तिसरे त्याचे रेणू कोणत्या शिस्तीत उभे आहेत ते (द्रवासारखे वाहतानाही स्फटिकासारखी काहीशी रचना राखून). त्यामुळे एकच पदार्थ तिन्ही नावांवर हक्क सांगू शकतो आणि या क्षेत्रातले बरेचसे वाद तिथूनच निघतात.

यातला सर्वांत जुना धागा कापराचा आहे. १८७० च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजमध्ये प्लास्टिसायझर म्हणून कापूर मिसळून सेल्युलॉइड हे प्लास्टिक तयार झाले. डबीतला कापूर उडू नये म्हणून आपल्याकडे त्यात मिरी टाकतात. सेल्युलॉइडमधला कापूर मात्र हळूहळू उडतच राहिला आणि वस्तू ठिसूळ होत गेल्या. १८८८ मध्ये प्रागमधील एका वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंशांना वितळून गढूळ होते आणि १७८.५ अंशांना नितळ होते असे आढळले. तो गढूळ टप्पा म्हणजेच द्रव स्फटिक. १९१४ मध्ये इथिलअमोनियम नायट्रेट हे लवण सुमारे १२ अंशांनाच वितळत असल्याची नोंद झाली, पण तिच्याकडे पुढे कित्येक दशके फारसे कोणी वळले नाही.

खरी हालचाल सुरू झाली ती अमेरिकेत, लष्करी बॅटऱ्यांसाठी विद्युत्-अपघटनी (बॅटरीत आयन वाहून नेणारे माध्यम) शोधताना. १९७० आणि १९८० च्या दशकांत ॲल्युमिनियम क्लोराइडवर आधारलेली, सामान्य तापमानाला द्रव राहणारी लवणे तयार झाली. हवेतल्या नुसत्या ओलाव्यानेही ती बिघडत असल्यामुळे सगळे काम कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीत हातमोजे घालून करावे लागे. १९९२ मध्ये इमिडाझोलियम या नायट्रोजनयुक्त वलयाच्या धनभारित आयनाला टेट्राफ्लुओरोबोरेटसारख्या ऋणायनांची (ऋणभारित आयनांची) जोड मिळाली आणि पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारे आयनी द्रव हाती आले. पेटीची सक्ती संपल्यावर या विषयात सेंद्रिय रसायनतज्ज्ञही मोठ्या संख्येने उतरले.

याच काळात ‘शंभर अंश सेल्सिअसच्या खाली वितळणारे लवण म्हणजे आयनी द्रव’ ही व्याख्या रुळली. शंभर हा आकडा या लवणांच्या कोणत्याही गुणधर्मातून आलेला नाही. तो पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून उचलला आहे. ९८ अंशांना वितळणारे लवण रेघेच्या आत आणि १०२ अंशांना वितळणारे बाहेर, एवढाच त्याचा अर्थ. काही आयनी द्रव थंड केल्यावर स्फटिक न होता काचेसारखे गोठतात. त्यांना वितळणबिंदूच नसतो, मग मोजायचे काय? कोलीन क्लोराइड ३०२ अंशांना आणि युरिया १३३ अंशांना वितळतो, पण १:२ प्रमाणातले त्यांचे मिश्रण १२ अंशांनाच द्रव होते. २००३ मध्ये पुढे आलेल्या या मिश्रणाला अनेकांनी आयनी द्रवच म्हटले, पण त्यातला युरिया आयन नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ही सरमिसळ टाळता आली असती.

तरीही ही रेघ अगदीच निरुपयोगी नव्हती. लुडविग्सहाफेन येथील एका कारखान्यात फॉस्फरसच्या संयुगांची निर्मिती होताना निघणारे हायड्रोक्लोरिक आम्ल ट्रायइथिलअमाइनने टिपले जाई. त्यातून घन लवण तयार होऊन सगळ्या मिश्रणाचा घट्ट रबडा होई. २००२ च्या सुमारास त्याजागी मिथिलइमिडाझोल आले. त्याचे लवण ७५ अंशांना वितळते, त्यामुळे गरम मिश्रणात ते द्रवरूपात राहून वेगळा थर धरते आणि तो थर सरळ काढून घेता येतो. खोलीच्या तापमानाला मात्र हा ‘द्रव’ घनच असतो.

आयनी द्रवांना ‘हरित द्रावक’, म्हणजे पर्यावरणाला कमी घातक द्रावक, ही बिरुदावली त्या मानाने फार घाईने लावली गेली. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटयुक्त द्रव पाण्यासह तापवल्यास काच खाणारे हायड्रोजन फ्लुओराइड सुटू शकते, आणि या द्रवांची वाफ होतच नाही हा समजही टिकला नाही. त्यांपैकी काहींचे निर्वातात ऊर्ध्वपातन करता येते, हे २००६ मध्ये दाखवले गेले.

खेळण्यांतील थॅलेटांवर, म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिसायझरांवर, युरोपात १९९९ मध्ये तात्पुरती आणि २००५ मध्ये कायमची बंधने आल्यावर, पीव्हीसीमधून सहजी न झिरपणारे प्लास्टिसायझर म्हणून आयनी द्रवांची चाचपणी वाढली. इमिडाझोलियमला बारा किंवा अधिक कार्बनांची शेपटी जोडली की त्याची अनेक लवणे थराथरांचे द्रव स्फटिक बनतात, म्हणजे तिन्ही नावे एका रेणूत येऊ शकतात. पण शेपटी लांबत जाते तसा हा रेणू साबणासारखा वागून पेशींची पटले विस्कटू लागतो आणि जलचरांना अधिक विषारी ठरतो. लहान मुले तोंडात घालतील अशा खेळण्यासाठी त्याची शिफारस करणे म्हणूनच अवघड आहे.