उठाव टाक्याचा आणि उठाव कापसाचा

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी आलेल्या शेजारच्या काकूंनी बाजेवरची माझी गोधडी उचलली, तळहात फिरवला आणि विचारलं, "काय वं पोरी, या फुलाईत कापूस भरला काय?" मी म्हटलं, "नाई काकू, भरलं काईच नाई. दोऱ्यानंच आलं थे वर." मग भाचीसाठी शिवलेलं दुपटं त्यांच्या हातात दिलं. त्यावरच्या कोयऱ्यांत मात्र खरोखरच कापूस होता. काकूंनी दोन्ही चाचपलं आणि म्हणाल्या, "मले तं दोनी एकच लागते."

हाताला ती एकसारखी लागतात, यात चूक नाही. पण घडण अगदी उलटी आहे. गोधडीत दोरा कापडाला खाली दाबतो आणि जिथे दोरा नाही तिथलं कापड वर राहतं. दुपट्यात कापूस कापडाला खालून वर ढकलतो. हा फरक नीट कळला नाही की शिवणारीच्या महिनाभराच्या मेहनतीचं पाणी होतं. माझं झालं आहे, ते पुढे सांगते.

आधी आपली गोधडी. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तिला वाकळ म्हणतात, आजीच्या तोंडी वाकय. ती जुनेराचीच व्हायची. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास असतं. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर आयतेच मिळतात. अशी दोन लुगडी, मध्ये जमलं तर एखादं धोतर, आणि वरून त्यातल्या त्यात धड पातळ. कापूस पिकवणाऱ्या मुलखातली ही पांघरुणं, पण आत सुटा कापूस नसायचा, कारण कापूस विकायचा असे आणि जुनेर घरात असे.

हे थर एकमेकांना धरून राहतात ते धावदोऱ्याने. सुई खाली जाते, वर येते, पुन्हा खाली. जिथे टाका बसतो तिथे सगळे थर आवळले जातात. दोन ओळींच्या मधलं कापड मात्र मोकळं असतं, ते फुगून राहतं. सरी-वरंबाच म्हणा ना. दोरा म्हणजे सरी, मधलं कापड म्हणजे वरंबा. ओळी बोटभर अंतरावर घातल्या तर पांघरुणावर सावकाश लाटा दिसतात. अंतर निम्मं केलं तर त्याच लाटा बारीक आणि कडक होतात. शेजारच्या ओळींतले टाके समोरासमोर आले तर एक नक्षी उमटते, आड आले तर दुसरीच. पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं आणि हा उठाव आणखी गडद होतो. बंगालच्या कांथ्यावर, म्हणजे तिकडच्या गोधडीवर, जी पाण्यासारखी लहर दिसते ती याच धावदोऱ्याची. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायकाही याच टाक्याने कडेकडून मध्याकडे शिवत जातात.

आता काकूंना कोड्यात टाकणारं फूल. फुलाच्या आत मी एकही टाका घातला नव्हता. फक्त कडेने रेघ मारली आणि फुलाबाहेरची सगळी जागा तीन-चार मिलिमीटरवरच्या ओळींनी भरून काढली. भोवतालचं कापड दबून सपाट झालं, फूल आपोआप वर आलं. म्हणजे फूल शिवायचं तर फूल सोडून बाकी सगळं शिवायचं. मला या कामातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. त्याला वेळ फार लागतो आणि टाके मोजून घालावे लागतात. दोरा ताणून ओढला तर लहर येत नाही, नुसत्या चुण्या पडतात आणि पांघरुणाचे कोपरे वर उचलतात.

दुपट्यावरचं काम वेगळं. त्याला ट्रपुंटो म्हणतात. शब्द इटलीचा, आणि या कामाचे फार जुने नमुनेही तिकडचेच. सिसिलीत साधारण १३६० ते १४०० च्या दरम्यान शिवलेलं एक लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं, पांघरूण आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यावर ट्रिस्टन या वीराच्या जुन्या युरोपीय दंतकथेतली माणसं, घोडे, जहाजं भरीव उठलेली आहेत. कापड लिननचं, पण आत भरलेला आहे तो कापूस. आपल्या काळ्या जमिनीत उगवणाऱ्या वस्तूची चित्रं सहाशे वर्षांपूर्वी तिकडे अशी उभी राहिली, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

कृती अशी. वरचं कापड चांगलं, दाट विणीचं घ्यायचं. त्याखाली विरळ विणीचं मलमल किंवा जुनं धोतर. दोन्ही आधी धुऊन आटवून घ्यायची. मग कोयरीची कड दोन्ही थरांतून बारीक धावदोऱ्याने शिवायची. आता पालथं करायचं. मागच्या विरळ कापडाचे धागे दाभणाच्या टोकाने बाजूला सारायचे, नाहीतर अगदी लहानशी चीर द्यायची, आणि तिथून पिंजलेल्या कापसाची चिमूट-चिमूट आत सारायची. आधी टोकं, मग मधला भाग. भरून झालं की चीर टाचून बंद. सगळ्यात शेवटी आतला थर आणि अस्तर लावून भोवताली दाट धावदोरा घालायचा, म्हणजे कोयरी आणखी वर दिसते. बघा, इथे दोन्ही कामं एकत्र येतात आणि म्हणूनच ओळखताना गोंधळ होतो.

वेल किंवा देठ असेल तर कापूस कोंबत नाहीत. पाच-सहा मिलिमीटर अंतराच्या दोन समांतर रेघा शिवतात आणि मधल्या बोळातून मागच्या बाजूने जाड सुती दोरी ओवतात, बोथट सुईने. वळणावर सुई बाहेर काढून पुन्हा आत घालायची आणि दोरीला जराशी ढील ठेवायची. ती ठेवली नाही तर वळण आखडतं. फ्रान्समधल्या मार्सेयचं 'बुती' नावाचं पांढरं भरीव काम हे या दोरीकामाचंच नातलग. ते उजेडासमोर धरलं की भरलेला भाग दाट दिसतो आणि मधून उजेड झिरपतो.

माझी चूक अशी झाली. पहिलं दुपटं केलं तेव्हा घरातला, वेचणीतून बाजूला ठेवलेला कापूस हाताने सरकी काढून तसाच भरला, पिंजला नाही. वर घट्ट हवं म्हणून दाबून दाबून भरला. कोयऱ्या दगडासारख्या झाल्या, भोवतालचं कापड ओढलं गेलं आणि दुपटं जमिनीवर सपाट बसेना. धुतल्यावर तर आत गोळे झाले आणि राहिलेल्या सरकीच्या तुकड्यांचे तपकिरी डाग वर आले. सगळं उसवलं. तेव्हापासून कापूस पिंजलेलाच घेते आणि कोयरी बोटाने दाबली तर दबून पुन्हा वर आली पाहिजे, एवढीच भरते.

ओळखायचं कसं? पालथं करून बघा, पण अस्तर लागलेलं असेल तर मागची चीर दिसणार नाही. मग अंगठ्याने दाबा. टाक्याचा उठाव दाबला की बसतो आणि अंगठ्याखाली कापडाचे थर कळतात. कापसाचा उठाव गादीसारखा उलट ढकलतो. दुसरी खूण नजरेची. फुलाच्या मध्यावर बघा. फूल मोठं असून मध्यभागी सपाट आणि कडेलाच फुगलेलं दिसलं तर ते दोऱ्याचं. मध्यभागीच सगळ्यात उंच असेल तर आत भरण आहे. रजईचा प्रश्न इथे येत नाही. तिच्यात कापसाचा थर सगळीकडे सारखा असतो, टाके नुसते तो सरकू नये म्हणून.

ऊब हवी असेल तर गोधडी शिवा. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा अंगावर थर लागतात, कोयऱ्या नव्हे. भरीव काम शोभेचं आहे आणि ते बाळाच्या दुपट्यावर, उशीच्या खोळीवर, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पांघरुणाच्या मधल्या चौकोनात शोभतं. धुण्यातही तोच फरक. वाकळ दगडावर मोगरीने बडवली तरी चालते, आजी नाल्यावर नेऊन तेच करायची. भरीव दुपटं बडवलं तर कापूस एका कोपऱ्यात जातो. ते कोमट पाण्यात दाबून धुवायचं, पिळायचं नाही, आणि दोरीवर न टांगता बाजेवर आडवं पसरून वाळवायचं.